शांत बसायला वेळ मिळत नाही, आणि बसलं तर रडू येतं – यावर माझं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नोकरी, दोन मुलं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, सकाळी साडेपाचला उठायचं, रात्री अकराच्या पुढे पाठ टेकायची, यात शांततेसाठी वेळ काढायचा कुठून. आणि शेवटी जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे, की एकदा घरी कोणी नसताना मुद्दाम शांत बसले तर दहा मिनिटांत रडू फुटलं आणि त्यानंतर परत बसायची हिंमतच झाली नाही. मला विचाराल तर खरा प्रश्न ही शेवटची ओळच आहे, पण आधी वेळेचं बोलते, कारण ते सोपं आहे.

मी बावीस वर्षं मौनाचे वर्ग घेतेय, अधूनमधून एक दिवसाची नाहीतर तीन दिवसांची शिबिरंही. येणारा जवळजवळ प्रत्येकजण दारातच सांगतो, मॅडम वेळ नसतो हो. सुरुवातीची काही वर्षं मी त्यांना टाइमटेबल करून द्यायचे, अर्धा तास लवकर उठा, अमुक इतकी मिनिटं बसा वगैरे. आता देत नाही. एक तर लोक चार दिवस करतात आणि पाचव्या दिवशी स्वतःवर चिडतात, आणि दुसरं म्हणजे झोप कापून केलेलं मौन म्हणजे बसून घेतलेली झोपच असते, मान लुडकते, दुसरं काही होत नाही. तुम्ही आत्ताच सहा-साडेसहा तास झोपताय, तेही रात्री सासूबाईंनी हाक मारली नाही तर. त्या झोपेला हात लावू नका. कोणीही कितीही ब्राह्ममुहूर्ताचं महत्त्व सांगितलं तरी लावू नका.

मग वेळ कुठे आहे? सांध्यांमध्ये आहे. दिवसाला सांधे असतात, एक काम संपलेलं असतं आणि दुसरं अजून सुरू व्हायचं असतं. गाडी लावली, इंजिन बंद केलं, पण अजून उतरलो नाही. लॅपटॉप मिटला पण खुर्चीतून उठलो नाही. मीटिंगला आपण जॉइन झालो आणि बाकीचे यायचेत. मुलांना आणायला गेलो आणि ती अजून बाहेर आली नाहीत, डॉक्टरकडे नंबर यायचाय, लिफ्ट वर अडकलीये. या जागा पूर्वी आपोआप रिकाम्या असायच्या, माणूस तिथे नुसता उभा असायचा, काहीही न करता, आणि त्याला कोणी मौन वगैरे म्हणायचं नाही. आता त्या जागी हात सरळ फोनकडे जातो. माझाही जातो, बावीस वर्षांनंतर सुद्धा, खोटं कशाला बोलू. म्हणजे वेळ नसतो असं नाही, तो चुरा होऊन दिवसभर सांडलेला असतो आणि आपण तो गोळा करून फोनच्या तोंडात घालतो.

यावर लोक म्हणतात, दीड मिनिटाने काय होणार? मलाही पूर्वी असंच वाटायचं, शांतता म्हणजे निदान अर्धा तास तरी पाहिजे. पण एक अभ्यास वाचल्यावर माझं मत बदललं. 2006 साली इटलीतले डॉक्टर लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांचे सहकारी संगीताचा शरीरावर काय परिणाम होतो ते बघत होते, 24 माणसं, त्यातले निम्मे संगीत शिकलेले, निम्मे नाही, आणि वेगवेगळ्या लयीचं संगीत ऐकवताना मध्येच कुठेतरी दोन मिनिटं नुसती शांतता ठेवली होती. आणि गंमत म्हणजे रक्तदाब, नाडी, श्वास हे सगळं त्या दोन मिनिटांत सगळ्यात खाली आलं, संगीत सुरू व्हायच्या आधी माणसं आरामात बसलेली होती त्याच्यापेक्षाही खाली. म्हणजे आवाजानंतर लगेच येणारी शांतता जास्त लागू पडते. डोंगरावर जाऊन मिळणाऱ्या शांततेची मला कदर आहे, पण तुमच्यासारख्या माणसाला गजबजाटाला चिकटून असलेली ही दोन मिनिटंच जास्त उपयोगाची, आणि ती तुमच्याकडे रोज पाच-सहा वेळा असतात.

दुसरं कारण डोक्याचं. एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की आधीच्या कामाचा गाळ मनात राहतो, ते अर्धवट सुटलेलं असलं तर जास्तच. 2009 मध्ये सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी हेच दाखवून दिलं होतं, की लक्षाचा एक तुकडा मागेच अडकून राहतो आणि पुढचं काम त्यामुळे कमी दर्जाचं होतं. आपल्याला हे वेगळं सांगायची गरज नाही, ऑफिसातला राग घरी मुलाच्या वहीवर निघतो तेव्हा दुसरं काय झालेलं असतं.

तर करायचं काय. दिवसातला एकच सांधा निवडा, पाच नको. तुम्ही स्कूटरने की गाडीने येता ते लिहिलं नाहीये, पण समजा घरी पोचलात, इंजिन बंद केलं, किल्ली हातात घेतली. आता वर जायच्या आधी दीड-दोन मिनिटं तिथेच थांबा. डोळे मिटायचे नाहीत, आसन नाही, मंत्र नाही. आधी सगळ्यात लांबचा आवाज ऐका, मग जवळचा, मग स्वतःचा श्वास. श्वास सोडताना जरा लांबवा, घेताना नाही, सोडताना. कारण श्वास आत घेताना नाडी किंचित वाढते आणि बाहेर सोडताना कमी होते, हे प्रत्येकाच्या शरीरात चालूच असतं, आपण फक्त उताराची बाजू थोडी लांब करायची. मनात कामांची यादी सुरू होईल, होऊ दे, यादीला उत्तर द्यायचं नाही इतकंच. फोन वाजला तर घ्या, घरी आजारी माणूस असताना फोन न घेणं हे मौन नाही, बेजबाबदारपणा आहे. आणि एखाद्या दिवशी राहून गेलं तर राहून गेलं, दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही, ही काही बँकेची थकबाकी नाही.

किल्लीच का सांगते, तर हातात काहीतरी वस्तू असली की आठवण राहते. माझ्या वर्गातल्या एक शिक्षिका आहेत, त्या वर्गात शिरण्याआधी दाराच्या कडीला हात लावून एक श्वास पूर्ण सोडतात, मग आत जातात. बस. त्या म्हणतात माझं वर्षभराचं मौन त्या कडीवर झालंय.

अजून एक गंमत करून बघा. घरातला फ्रिज चालू असतो तेव्हा त्याचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, तो बंद पडतो त्या क्षणी एकदम कळतं की अरे, इतका वेळ घुं घुं चालू होतं. खांदेसुद्धा आपोआप खाली येतात त्या वेळी, लक्ष दिलंत तर जाणवेल. कान काही मिटता येत नाहीत, झोपेतही ते जागेच असतात, रस्त्यावरून मोठा ट्रक गेला तर माणूस जागा न होताही नाडी वाढते. म्हणून जे आवाज आपल्या हातात आहेत ते कमी करणं हासुद्धा मौनाचाच भाग आहे. एक्झॉस्ट फॅन काम झाल्यावर बंद, कोणी बघत नसलेला टीव्ही बंद, फोनची टुणटुण बंद. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं, दहा डेसिबल कमी झाले की आवाजाची ऊर्जा दहाव्या हिश्श्यावर येते आणि कानाला साधारण निम्मा वाटतो, त्यामुळे एखादा पंखा किंवा टीव्ही बंद केल्यावर खोली जी बदलते ती आपल्या अंदाजापेक्षा जास्त बदलते.

हेडफोनचं बरेचजण विचारतात म्हणून सांगते, ते नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन इंजिन, एसी, पंखा असल्या एकसुरी घरघरीवर चांगले चालतात कारण ते उलटी लहर सोडून ती घरघर खोडतात, माणसांच्या बोलण्यावर तितके चालत नाहीत. शेजाऱ्यांच्या भांडणासाठी घेणार असाल तर पैसे वाचवा, कापसासारखे साधे इअरप्लग बरे. आणि तुम्हाला रात्री सासूबाईंची हाक ऐकू यायला हवी, तेव्हा तुमच्यासाठी दोन्ही नकोत.

आता ते रडू.

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन यांच्या टीमने 2014 मध्ये एक प्रयोग छापला होता, मी नव्या लोकांना तो नेहमी सांगते. माणसांना एका रिकाम्या खोलीत 15 मिनिटं नुसतं बसायला सांगितलं, फोन नाही, पुस्तक नाही, फक्त एक बटण, ते दाबलं की विजेचा झटका बसणार. हा झटका त्यांनी आधी चाखलेला होता, आणि तो परत नको म्हणून आम्ही पैसे सुद्धा देऊ असं म्हणालेली माणसं होती ती. तरी 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 बायकांपैकी 6 जणींनी निदान एकदा ते बटण दाबलं. एका बाबाने तर 190 वेळा दाबलं. वर्गात सगळे हसतात, मग एकदम गप्प होतात, कारण आपलं बटण खिशातच आहे हे लक्षात येतं.

सांगायचं काय, की रिकामं बसणं तुम्हालाच जड गेलं असं नाही. दिवसभर तुम्ही ज्या ज्या गोष्टींना 'नंतर बघते' म्हणता, सासूबाईंची काळजी, त्यांचा आलेला राग, त्या रागाबद्दल वाटणारी लाज, स्वतःच्या आईकडे किती महिन्यांत गेलो नाही, हे सगळं बाहेर रांगेत उभं असतं. तुम्ही दार उघडून बसलात, रांग आत आली. पहिल्या दहा मिनिटांत रडू आलं म्हणजे मौन फसलं असं लोकांना वाटतं, मला उलट वाटतं की तुम्ही खरोखर बसला होता. जे लोक पहिल्याच दिवशी 'अहाहा काय शांत वाटलं' म्हणतात ना, त्यांच्याबद्दल मला थोडी शंकाच असते. बहुतेक झोपलेले असतात.

पूर्ण शांतता नावाची गोष्ट तशीही नसते. मायक्रोसॉफ्टच्या एका लॅबमध्ये एक खोली आहे, भिंती आवाज गिळून टाकतात, 2015 मध्ये तिथे उणे 20.35 डेसिबल मोजलं गेलं (शून्य म्हणजे कानाला जेमतेम ऐकू येईल इतका आवाज, हा त्याच्याही खाली) आणि तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. असल्या खोलीत गेलेली माणसं सांगतात की तिथे स्वतःचं हृदय ऐकू येतं, पोटातली गुडगुड ऐकू येते, मान वळवली तर हाडं वाजलेली कळतात. बाहेरचा आवाज जितका खाली जाईल तितका आतला वर येतो, शरीराचं असं आहे तर मनाचं वेगळं कसं असेल.

पण म्हणून रडू आलं तरी दात ओठ खाऊन बसून राहा असं मी अजिबात म्हणणार नाही, आणि इथे माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या एका शिबिरात एक गृहस्थ आले होते, घरी मृत्यू झाल्याला महिनाही झाला नव्हता, मी त्यांना पूर्ण दिवस मौनात बसवलं, वाटलं मन मोकळं होईल. संध्याकाळी ते थरथरत होते. त्यांना शांतता नको होती, कोणीतरी ऐकणारं हवं होतं, आणि ते ओळखणं माझं काम होतं. तेव्हापासून मी आधी विचारते. ताजं दुःख असेल, जुना मोठा आघात असेल, आठवड्यानुआठवडे झोप लागत नसेल, सगळं संपवावं असे विचार येत असतील तर लांब मौन नको, आधी डॉक्टर किंवा समुपदेशक, आणि हे मी औपचारिकता म्हणून लिहीत नाहीये. कानात सतत शिट्टी वाजण्याचा त्रास असलेल्यांनाही ठार शांत खोली त्रासदायक होते, त्यांनी पंखा मंद चालू ठेवावा.

तुमचं तसं काही वाटत नाही, तुम्ही दमलेल्या आहात. तेव्हा बसायचं ते डोळे उघडे ठेवून, पाठ भिंतीला टेकून, तीन मिनिटं, आणि रडू आलं तर येऊ द्यायचं, तीन मिनिटं झाली की उठून तोंड धुवायचं. वेळ आधी ठरलेली असली की रडण्यालाही काठ मिळतो. दहा मिनिटं तुम्हाला जड गेली कारण ती किती चालणार हे माहीत नव्हतं.

घरच्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीये पण विचाराल. मी विचारलं नव्हतं आणि माझं चुकलं. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना मी रोज संध्याकाळी दार लावून अर्धा तास बसायचे, घरात सगळ्यांनी दबक्या पावलांनी चालायचं, मोठ्याने बोलायचं नाही, असा नियम. एकदा दाराखालून चिठ्ठी आली. 'आई मी पडलोय, गुडघ्यातून रक्त येतंय, पण तुझं झालं की सांग.' ती चिठ्ठी अजून आहे माझ्याकडे. घराला धाक घालून मिळवलेल्या शांततेचा मला तेव्हापासून तिटकारा आहे.

आणि आपल्याकडे शब्दच वेगवेगळे आहेत त्याला काही कारण आहे. अबोला वेगळा, मौन वेगळं. अबोला धरतात, तो कोणाच्या तरी विरुद्ध असतो, त्यात तोंड बंद आणि आत पूर्ण भाषण चालू. कितीतरी जोडपी माझ्याकडे आलीत ज्यांच्यातला एकजण मौनाच्या नावाखाली अबोलाच करत होता आणि दुसऱ्याला कळत होतं पण बोलता येत नव्हतं. ओळखायची खूण सोपी आहे, तुमच्या गप्प बसण्याने समोरचा माणूस सैलावला तर ते मौन, अवघडला तर अबोला. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे प्रकार सांगितलेत, शरीराचं, वाणीचं, मनाचं. आता मौन कुठे घातलं असेल? माझा अंदाज होता वाणीच्या तपात, पण नाही, ते मनाच्या तपात आहे. वाणीच्या तपात काय आहे, तर खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं, म्हणजे बोलणंच! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानावर थांबले होते.

घरात सांगायचं तर सरळ सांगा, मी आल्यावर दोन मिनिटं खाली थांबून मग वर येते, काळजी करू नका. कारण चिकटवायची गरज नाही. गांधीजींचं सोमवारचं मौन सगळ्यांना माहीत असतं, त्या दिवशी ते चिठ्ठ्यांवर लिहून काम चालवायचे, पण त्यांनी स्वतःच सांगितलंय की सुरुवातीला ते कामाचा ताण हलका व्हावा आणि लिहायला वेळ मिळावा म्हणून धरलं होतं, आध्यात्मिक गरज ती पुढे झाली. इतका साधा हेतू चालतो. दोन मिनिटं डोकं जागेवर यावं म्हणून थांबते, एवढं पुरे.

एक शेवटचं. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंच्या खोलीत टीव्ही दिवसभर चालू असतो आणि त्या आवाजाने तुमचं डोकं उठतं. बघा, बहुतेक आजारी माणसं टीव्ही बघत नसतात, घरात कोणीतरी आहे असं वाटावं म्हणून तो चालू असतो. संध्याकाळी वर गेल्यावर त्यांना विचारून तो पाच मिनिटं म्यूट करा आणि त्यांच्या पलंगाशी बसा. गोळी घेतली का, जेवलात का, हे नंतर. त्यांचा हात हातात घेतलात तर उत्तम, तुमच्यात तसं नातं नसेल तर नुसतं बसा, खिडकीकडे बघत. पहिल्या दिवशी त्याच बोलायला लागतील, मग ऐका, तेही चालेल. एरवी तो टीव्ही किती वाजता आपोआप बंद होतो, कोण खोलीत असलं की त्या स्वतःच आवाज कमी करतात, हे आधी दोन-तीन दिवस बघून ठेवा.